पोलीस भरतीची तयारी आणि शरीराचे वेळापत्रक

पोलीस दलात नोकरी मिळावी या आकांक्षेने तयारी करणाऱ्या युवक-युवतींची संख्या आपल्या पन्हाळा तालुक्यात आणि एकंदर वारणाकाठी फार मोठी आहे. शेतजमिनीचे वाटे होत गेले, साखर कारखाना व दूध संघातील जागा मर्यादित राहिल्या, आणि बारावीनंतर केवळ स्वतःच्या पायांच्या व अभ्यासाच्या बळावर मिळू शकणारी नोकरी म्हणून शिपाई भरतीकडे पाहिले जाऊ लागले. कोडोलीच्या मैदानांवर, उसाच्या फडांमधल्या रस्त्यांवर आणि जोतिबाच्या घाटात ही मुले पहाटे धावताना दिसतात. त्यांपैकी काही जण पुढे आमच्या बाह्यरुग्ण विभागात येतात. कोणी नडगी धरून लंगडत येतो, कोणा मुलीला मैदानावर चक्कर आलेली असते, कोणाचा खांदा गोळा फेकताना दुखावलेला असतो. या तक्रारींपैकी बहुतेक टाळता येण्याजोग्या असतात. त्या कशामुळे उद्भवतात व कशा टाळाव्यात, हे विद्यार्थी, पालक व प्रशिक्षक या तिघांसमोर मांडावे, या हेतूने यंदाच्या अहवालात हा लेख देत आहोत.

प्रथम चाचणीचे स्वरूप पाहू. २०२२ नंतर झालेल्या शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची व लेखी परीक्षा १०० गुणांची होती. मैदानात पुरुषांना १६०० मीटर धावणे २० गुणांसाठी, १०० मीटर धावणे १५ गुणांसाठी आणि ७.२६० किलोग्रॅम वजनाचा गोळा फेकणे १५ गुणांसाठी असते. महिलांना १६०० ऐवजी ८०० मीटर धावावे लागते व गोळा ४ किलोग्रॅमचा असतो. १६०० मीटरला पूर्ण गुण हवे असतील तर ते अंतर सुमारे ५ मिनिटे १० सेकंदांत पार करावे लागते. म्हणजे ४०० मीटरच्या मैदानाच्या चार फेऱ्या, प्रत्येक फेरी साधारण ७७ ते ७८ सेकंदांत. सारी परीक्षा अशी पाच-सहा मिनिटांची आहे. तिच्यासाठी शरीर तयार होण्यास मात्र महिने लागतात, आणि आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींचे मूळ बहुधा या दोन कालावधींच्या विसंगतीत असते.

जाहिरात निघाली की तयारी सुरू करायची, ही आपल्याकडील रूढ पद्धत. जाहिरातीपासून मैदानी चाचणीपर्यंत कधी तीन महिने मिळतात, कधी त्याहूनही कमी. शिवाय ऋतूचा भरवसा नाही. एका भरतीची मैदानी चाचणी जानेवारी २०२३ मध्ये थंडीत झाली, तर पुढच्या भरतीची १९ जून २०२४ पासून, म्हणजे पावसाच्या तोंडावर, सुरू झाली. त्या २०२४ च्या भरतीत १७,४७१ जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले होते. एका जागेमागे शंभर अर्ज! या आकड्यामुळे मुले अधिक नेटाने धावू लागतात हे स्वाभाविक आहे. पण वैद्यकीय दृष्टीने त्या आकड्याचा दुसराही अर्थ निघतो. शंभरांतील नव्याण्णव जणांना याच शरीराने दुसरे काही काम करायचे आहे, शेती, वाहन चालवणे, दुकान, कारखाना, किंवा पुढच्या वर्षी पुन्हा भरती. त्यांचे गुडघे व पाठ तयारीच्या काळात निकामी होणे परवडणारे नाही.

आता शरीराच्या वेळापत्रकाकडे वळू. धावण्याचा सराव सुरू केल्यावर शरीरातील सर्व भाग एकाच गतीने सुधारत नाहीत. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतच रक्तातील द्रवभाग वाढतो, हृदय प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त ढकलू लागते आणि धाप कमी होते. स्नायूंमधील केशवाहिन्या व प्राणवायू वापरण्याची क्षमता वाढण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा त्याहून सावकाश बळकट होतात, आणि सर्वांत मागे राहते ते हाड. नव्या भाराला तोंड देण्यासाठी हाड स्वतःची पुनर्बांधणी करते. जुनी भिंत मजबूत करताना गवंडी जसा आधी कच्चा भाग फोडून काढतो व मग नवे बांधकाम करतो, तसेच येथे घडते. आधी हाडातील काही भाग झिजवला जातो व नंतर त्या जागी नवे हाड भरते. ही फेरी पूर्ण होण्यास तीन-चार महिने लागतात. मधल्या काळात, साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्याच्या सुमारास, हाड आधीपेक्षाही काहीसे दुबळे असते.

नेमका हाच काळ मुलाच्या उत्साहाचा असतो. तीन आठवडे झाले, दम वाढला, धाप लागत नाही, तेव्हा अंतर दुप्पट करावे असे त्याला वाटते, प्रशिक्षकही तसेच सांगतात. दम पुढे गेलेला असतो, हाड मागे राहिलेले असते. मग नडगीच्या आतल्या कडेला दुखू लागते. सुरुवातीला हे दुखणे पसरट असते, धावताना येते व विश्रांतीने जाते. तेवढ्यावर भार कमी केल्यास ते दोन-तीन आठवड्यांत शमते. तसे न करता मलम चोळून, पट्टी बांधून किंवा वेदनाशामक गोळी घेऊन धावत राहिल्यास हाडात बारीक चीर पडते. ती ओळखण्याची खूण सोपी आहे. दुखणे बोटाने दाखवता येईल इतक्या एकाच जागी असते, तेथे दाबल्यास कळ येते व रात्री पडून असतानाही ठणका राहतो. अशी चीर साध्या क्ष-किरण चित्रात पहिले दोन-तीन आठवडे दिसतही नाही. म्हणून ‘फोटो नॉर्मल आहे’ एवढ्यावर धावणे सुरू ठेवू नये. ती भरून येण्यास सहा ते आठ आठवडे, कधी त्याहून अधिक काळ धावणे बंद ठेवावे लागते, आणि तोवर बहुधा मैदानी चाचणीची तारीख निघून गेलेली असते.

यावर उपाय म्हणून आठवड्याचे एकूण अंतर एकदम न वाढवता थोडे-थोडे वाढवावे, दर चौथ्या आठवड्यात ते उतरवावे व आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. डांबरी रस्त्यापेक्षा कापणी झालेले रान किंवा शाळेचे मातीचे मैदान पायांना मानवते. जोतिबाचा घाट चढणे हृदयासाठी उत्तम व्यायाम आहे, परंतु तोच घाट धावत उतरण्याने गुडघ्यांवर व नडगीवर फार मोठा आघात होतो. चढताना धावावे, उतरताना चालत यावे. रस्त्यावरच धावणे भाग असेल तर गळीत हंगामातील ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचे भान ठेवावे. पहाटेच्या अंधारात मागचा दिवा नसलेली ट्रॉली व काळ्या कपड्यांतला धावणारा मुलगा, दोघेही एकमेकांस दिसत नाहीत. रस्त्याच्या उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणारे वाहन दिसेल असे, आणि फिकट रंगाचे कपडे घालून धावावे.

आणखी एक रूढ पद्धत आम्हांस अयोग्य वाटते. अनेक ठिकाणी मुलांना रोज १६०० मीटर घड्याळ लावून जिवाच्या आकांताने पळवले जाते. रोज परीक्षा घेतल्याने अभ्यास होत नाही, तसेच हे आहे. १६०० मीटर धावण्यास लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे चार पंचमांश ऊर्जा प्राणवायूच्या साहाय्याने निर्माण होते, महिलांच्या ८०० मीटरमध्येही हे प्रमाण दोन तृतीयांशांच्या आसपास असते. ही क्षमता वाढते ती प्रामुख्याने सावकाश व दीर्घ धावण्याने. सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल इतक्या गतीने अर्धा ते पाऊण तास, आठवड्यातून तीन-चार दिवस धावावे. वेगाचा सराव आठवड्यातून दोन दिवस पुरे. त्यातही ४०० मीटरच्या काही फेऱ्या ठरावीक ७७-७८ सेकंदांत धावून मध्ये चालत विश्रांती घेणे अधिक लाभदायक ठरते. कारण चाचणीच्या दिवशी गटाने सोडल्यावर बहुसंख्य उमेदवार पहिली फेरी फारच वेगाने घेतात व तिसऱ्या फेरीत त्यांचे पाय जड होतात. ज्याला आपल्या फेरीची गती पायांनी ओळखता येते, तो अशा वेळी मागे राहून नंतर पुढे जातो. १०० मीटर व गोळाफेक यांसाठी मांड्या, कंबर व पोटाच्या स्नायूंची ताकद हवी. गोळा चेंडूसारखा भिरकावायचा नसून मानेजवळून ढकलायचा असतो व त्याचे बळ पायांतून येते, एवढे समजले तरी खांद्याच्या निम्म्या तक्रारी कमी होतील.

ताकदीच्या व्यायामाबाबत आपला कोल्हापूर जिल्हा मुळातच श्रीमंत आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने येथे तालमी फुलल्या, खासबागचे मैदान उभे राहिले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव मूळचे कराडजवळच्या गोळेश्वरचे, पण त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात झाले, आणि १९५५ मध्ये ते पोलीस दलातच उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. आपल्याकडे तालीम व पोलीस दल यांचे नाते असे जुने आहे. जोर-बैठका, दोर चढणे, गदा फिरवणे हे व्यायाम आजही भरतीच्या उमेदवाराला उपयोगी पडतील. मात्र तालमीचा खुराक जसाच्या तसा उचलू नये. मल्लाला अंगात वजन हवे असते. धावणाऱ्याला प्रत्येक जादा किलो चारही फेऱ्यांत उचलून न्यावा लागतो. तूप, बदाम व थंडाई यांचा मारा केलेला उमेदवार गोळा चांगला फेकतो व धावण्यात गुण गमावतो, असे प्रशिक्षकांनाही अनुभवास येते.

आहाराविषयी फार खर्चाची कल्पना बाळगण्याचे कारण नाही. साठ किलो वजनाच्या, रोज व्यायाम करणाऱ्या तरुणाला दिवसाला साधारण ७५ ते ९५ ग्रॅम प्रथिने पुरेशी होतात. भाकरी, डाळ, मोड आलेल्या कडधान्यांची उसळ, मूठभर शेंगदाणे, अर्धा लिटर दूध व दोन-तीन अंडी यांत ती बहुतांशी भागतात. शेकडो रुपये किलोच्या पावडरींची त्यासाठी गरज नाही. कच्ची अंडी दुधात फेटून पिण्याचा प्रघात अजून आहे. कच्च्या अंड्यातील प्रथिनांपैकी जेमतेम निम्मी अंगी लागतात, तर शिजवलेल्या अंड्यातील नव्वद टक्क्यांच्या आसपास. शिवाय कच्च्या अंड्यातून जंतुसंसर्गाचे भय राहते. अंडी उकडून खावीत. उंची वाढवणाऱ्या औषधांबद्दलही येथेच लिहितो. पुरुषांना १६५ व महिलांना १५५ सेंटिमीटर उंचीची अट असल्याने अर्ध्या सेंटिमीटरने हुकणारी मुले जाहिरातींना बळी पडतात. हाडांच्या टोकांची वाढ थांबल्यानंतर कोणतीही पावडर उंची वाढवू शकत नाही. दिवसभराच्या उभे राहण्याने मणक्यांमधील गाद्या दबून उंची संध्याकाळपर्यंत सुमारे एक सेंटिमीटर घटते, एवढे मात्र खरे. काठावरील उमेदवाराने मोजणीच्या आदल्या रात्री नीट झोपावे, यापलीकडे त्यावर इलाज नाही.

मुलींच्या बाबतीत सर्वांत मोठा अडसर रक्तक्षयाचा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. रक्तातील हिमोग्लोबिनच प्राणवायू वाहून नेते. ते दहा असताना मुलीने कितीही जिद्दीने धावले तरी तिसऱ्या वळणावर तिचे पाय थांबणारच. अशा मुलीला ‘आळशी’ म्हणून मैदानाच्या जादा फेऱ्या मारायला लावणे हा अन्याय आहे. येथेही शरीराचे वेळापत्रक आड येते. तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. लोहाच्या गोळ्या सुरू केल्यावर हिमोग्लोबिन पूर्वपदावर येण्यास दोन महिने व शरीरातील लोहाचा साठा भरण्यास त्यापुढे आणखी तीन महिने लागतात. मैदानी चाचणीच्या आदल्या आठवड्यात टॉनिकची बाटली घेऊन काही साध्य होत नाही. गोळी लिंबूपाणी किंवा आवळ्यासोबत घ्यावी. जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये, कारण चहामुळे अन्नातील लोह शोषले जात नाही. गूळ-शेंगदाणे खाल्ले की रक्त वाढते ही समजूत निम्मीच खरी असून रक्तक्षय झालेल्या मुलीला त्यावर अवलंबून ठेवू नये. वजन कमी करण्यासाठी जेवण तोडणाऱ्या व भरपूर धावणाऱ्या मुलींची पाळी थांबते. पुष्कळ जणींना ती सोयच वाटते. वस्तुतः तो धोक्याचा इशारा आहे, कारण त्याच वेळी हाडेही ठिसूळ होऊ लागलेली असतात. सलग तीन महिने पाळी न आल्यास संकोच न करता स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटावे.

यापुढील मजकूर जिवावर बेतणाऱ्या गोष्टींविषयी आहे व तो प्रशिक्षकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा, अशी विनंती आहे. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीच्या वेळी उमेदवारांचे मृत्यू झाले व त्यानंतर धावण्याचे अंतर कमी करण्यात आले. २०२४ मध्ये झारखंडात उत्पादन शुल्क शिपायांच्या भरतीत दहा किलोमीटर धावताना दहाहून अधिक तरुण दगावले. या घटनांमागे उष्णता, अपुरा सराव, न ओळखलेला हृदयविकार, उत्तेजक औषधे अशी अनेक कारणे असू शकतात.

उष्माघात केवळ मे महिन्यातच होतो असे नाही. जूनमधील दमट हवेत घाम वाळत नाही व शरीर थंड होत नाही, तेव्हाही तो होतो. उष्ण हवेची सवय लागण्यास शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. अभ्यासिकेत पंख्याखाली बसून थेट दुपारच्या मैदानात उतरणाऱ्यास ती सवय नसते. धावताना मुलगा असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला, कोण कुठे आहे हे त्याला सांगता येईना, तर तो उष्माघात समजावा. घाम येतो आहे म्हणून उष्माघात नाही, असे मानू नये. अशा वेळी आधी थंड करावे व मग रुग्णालयात हलवावे. सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, असेल तर पाण्याच्या हौदात मान वर धरून बसवावे, नसेल तर सर्वांगावर सतत गार पाणी ओतावे व वारा घालावा. पहिल्या अर्ध्या तासातील ही कृती पुढील सर्व उपचारांपेक्षा मोलाची ठरते. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

धावून थांबल्यावर चक्कर येणे ही पुष्कळदा साधी गोष्ट असते. पायांत रक्त साचते म्हणून ती येते व थांबण्याऐवजी चालत राहिल्यास टळते. परंतु ऐन धावताना शुद्ध हरपणे, छातीत दुखणे किंवा धडधड अनियमित होणे हे कधीही साधे मानू नये. ज्याच्या घरात कोणी चाळिशीच्या आत अचानक दगावले असेल त्यानेही हृदयाची तपासणी व आलेख काढल्यावाचून कठोर सराव सुरू करू नये. एकाएकी कोसळलेला मुलगा हाकेला प्रतिसाद देत नसेल व श्वास नीट घेत नसेल, तर तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व ती येईपर्यंत छातीच्या मध्यभागी मिनिटास १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहावे. प्रत्येक प्रशिक्षण केंद्रातील किमान दोघांना हे शिकवलेले असावे.

शिक्षा म्हणून शे-दोनशे उठाबशा काढायला लावण्याची पद्धत अजूनही काही ठिकाणी आहे. सवय नसलेल्या मुलाच्या मांडीचे स्नायू त्यामुळे अक्षरशः विरघळतात व त्यांतून सुटलेली द्रव्ये मूत्रपिंडे बंद पाडू शकतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या ताठरल्या व लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर त्याच तासाला रुग्णालय गाठावे. तसेच ‘ताकदीचे’ म्हणून दिले जाणारे इंजेक्शन, शर्यतीआधीची उत्तेजक गोळी, वजन उतरवण्यासाठी लघवीची गोळी, यांपैकी काहीही चिठ्ठीशिवाय घेऊ नये. ती देणारा ओळखीचा आहे, हे कारण पुरेसे नाही.

झोप व मन यांचा विचार तयारीच्या तक्त्यात क्वचितच केलेला दिसतो. साडेचारला उठून मैदान, दिवसभर अभ्यासिका, रात्री बारापर्यंत पाठांतर, असा दिनक्रम अनेक जण अभिमानाने सांगतात. हाड, स्नायू व स्मरणशक्ती या तिन्हींची दुरुस्ती झोपेत होते. सात तासांहून कमी झोपणारा विद्यार्थी मैदानात कमावलेले अंथरुणात गमावतो. पहाटे उठायचे असेल तर रात्री साडेनऊला दिवा मालवावा. दोन-तीन भरत्यांत थोडक्या गुणांनी हुकलेल्या, वयोमर्यादा जवळ आलेल्या मुलांची मनःस्थिती बिकट असते. घरच्यांनी त्याला शेजारच्या भरती झालेल्या मुलाचे उदाहरण देणे टाळावे. जेवण तुटले, बोलणे बंद झाले, जगण्यात अर्थ नाही असे शब्द निघाले, तर ते मनावर घ्यावे. टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनाशुल्क बोलता येते.

तयारी सुरू करण्यापूर्वीच एकदा तपासणी करून घेणे सर्वांत स्वस्त पडते. त्यात रक्तदाब, हृदयाची तपासणी, हिमोग्लोबिन, जुन्या दुखापती, पायांची ठेवण व दृष्टी पाहिली जावी. रंग ओळखण्याची ठिपक्यांच्या चित्रांची चाचणी अवघ्या पाच मिनिटांची आहे. रंगांधळेपणा जन्मजात असून त्यावर उपचार नाही, आणि निवड झाल्यानंतरच्या वैद्यकीय तपासणीत तो प्रथमच उघडकीस आला तर दोन-तीन वर्षांचे श्रम वाया जाऊ शकतात. ही तपासणी मैदानी चाचणीच्या किमान चार महिने आधी व्हावी, म्हणजे रक्तक्षय किंवा दुखापत आढळल्यास ती बरी करण्यास अवधी मिळेल. तपासणीस उपाशीपोटी येण्याची आवश्यकता नाही. मात्र मैदानावरून धावून थेट येऊ नये. त्यामुळे नाडी व रक्तदाब वाढलेला दिसतो, लघवीतही काही काळ प्रथिने उतरतात, आणि निरोगी मुलास विनाकारण पुन्हा यावे लागते.